पहिल्या बाळाला अंगावर पाजायचंय, तर गरोदरपणातच काय तयारी करावी?

प्रश्न असा आहे: आठवा महिना लागलाय, बाळ पहिलं आहे, अंगावरच पाजायची इच्छा आहे. मग आत्तापासून स्तनाग्रं घासून 'तयार' करावीत का, पंप घेऊन ठेवावा का, आणि आपल्याला दूध पुरेल की नाही हे आधी कळतं का?

घासू नका. खास वैद्यकीय कारण नसेल तर पंप आत्ता घेऊ नका. आणि दूध किती येईल हे आधी नक्की सांगता येत नसलं, तरी अडचण कोणाला येऊ शकते याचा अंदाज आधी घेता येतो. त्यासाठी आठव्या-नवव्या महिन्यात स्तनांची एक साधी तपासणी जरूर करून घ्यावी.

शरीराची तयारी शरीर करतं. तुम्ही शिकून ठेवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: बाळाला स्तनावर कसं घ्यायचं, ते नुसतं चोखतंय की दूध गिळतंय हे कसं ओळखायचं, हाताने दूध कसं काढायचं, आणि पहिल्या पाच-सहा दिवसांत कशाची काळजी करायची नि कशाची नाही. स्तनपानाची घडी बहुधा याच दिवसांत बसते किंवा विस्कटते. त्या वेळी टाके दुखत असतात, झोप नसते आणि सल्ले मात्र चारी बाजूंनी येत असतात. तेव्हा नवीन काही शिकणं जड जातं, म्हणून हे आत्ताच वाचा, आणि बाळंतपणात सोबत राहणाऱ्या माणसालाही वाचायला द्या.

स्तनांत आत्ता काय चाललंय

साधारण सोळाव्या आठवड्यापासून स्तनांत चीक, म्हणजे बाळाला मिळणारं पहिलं घट्ट दूध, तयार व्हायला लागतो. काहींच्या कपड्यांवर शेवटच्या महिन्यांत पिवळसर डाग पडतात, काहींना थेंबही दिसत नाही. दोन्ही ठीक आहे, त्यावरून पुढच्या दुधाचा अंदाज बांधू नये. गरोदरपणात भरपूर दूध येत नाही, कारण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) त्याला रोखून धरतं. बाळंतपणात वार पडली की हे प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दूध तयार करवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा अंमल सुरू होतो. वार तर सिझेरियनमध्येही बाहेर येतेच, म्हणून 'सिझेरियन झालं की दूध येत नाही' हे खरं नाही. एवढंच की छाती भरून यायला साधारण ४८ ते ७२ तास लागतात. पहिलं बाळंतपण, सिझेरियन, मधुमेह, जास्त वजन किंवा बाळंतपणात बराच रक्तस्राव झालेला असेल तर आणखी थोडा वेळ जाऊ शकतो. वारेचा तुकडा आत राहिला असेल तर प्रोजेस्टेरॉन पूर्ण उतरत नाही. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशीही छाती भरली नाही आणि रक्तस्रावही नेहमीपेक्षा जास्त आहे, असं दोन्ही एकत्र दिसलं तर ते डॉक्टरांना लगेच सांगायचं.

स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग गरोदरपणात आणखी गडद होतो आणि त्यावर बारीक पुटकुळ्या उठतात. या ग्रंथी आहेत. त्यांतून येणारा तेलकट स्राव त्वचा मऊ ठेवतो, आणि त्याचा वास बाळाला स्तनाकडे ओढतो. साबण लावून तो धुऊन टाकू नका, आंघोळीचं पाणी पुरे. खरखरीत टॉवेलने घासल्याने त्वचा 'निबर' होत नाही, सोलवटते. शिवाय स्तनाग्रं सारखी चाळवली तर ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. पाजताना होणाऱ्या जखमा नाजूक कातडीमुळे होत नाहीत. बाळाने स्तन नीट तोंडात घेतलेला नसतो म्हणून होतात. घासून हा प्रश्न कधीच सुटणार नव्हता.

आकाराचंही तसंच. स्तन मोठा की लहान हे मुख्यतः चरबीवर ठरतं, दूध तयार करणाऱ्या ग्रंथींवर नाही. लहान छातीच्या बाईला एका वेळी कमी दूध साठवता येत असेल तर बाळ जरा जास्त वेळा पितं, दिवसाची बेरीज तीच राहते.

तपासणीत काय बघून घ्यायचं

तपासणी करणाऱ्याला या गोष्टी आपणहून सांगा, विचारण्याची वाट बघू नका: स्तनांवर झालेली कोणतीही शस्त्रक्रिया (विशेषतः स्तन लहान करण्याची, त्यात दुधाच्या नळ्या कापल्या गेलेल्या असू शकतात), थायरॉइड, मधुमेह, पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड), आणि रोज चालू असलेली औषधं. वयात येताना किंवा गरोदरपणात स्तनांत काहीच वाढ जाणवली नसेल, दोन स्तनांमध्ये खूप अंतर असेल, आकार नळीसारखा असेल किंवा दोन्हींत ठळक फरक असेल, तर ग्रंथींची वाढ कमी असण्याची शक्यता असते. याचा अर्थ अंगावर पाजता येणार नाही असा नाही. काहींना पूर्ण दूध येतं, काहींना थोडं येतं आणि वरच्या दुधाची जोड द्यावी लागते. आधी माहीत असलं की बाळाच्या वजनावर पहिल्या दिवसापासून बारीक लक्ष ठेवता येतं.

स्तनाग्र चपटं किंवा आत ओढलेलं आहे का, हे तुम्ही स्वतः बघू शकता. काळसर भागाच्या कडेला अंगठा आणि तर्जनी ठेवून हलकेच दाबा. स्तनाग्र बाहेर आलं तर ते नुसतं चपटं दिसणारं आहे, काही करायला नको. दाबल्यावर उलट आत गेलं तर ते खरोखर आत ओढलेलं आहे. तरीही घाबरायचं कारण नाही, कारण बाळ स्तनाग्रावर पीत नाही, स्तनावर पितं. स्तनाग्र रोज ओढण्याचे व्यायाम गरोदरपणात सांगितले जातात, पण त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. गरज पडलीच तर उपाय बाळंतपणानंतर करायचा असतो: नवी, सुई नसलेली १० किंवा २० मिलीची सिरिंज घेऊन तिचं नोजलकडचं टोक कापून टाकायचं आणि दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने आत घालायचा, म्हणजे मूळची गुळगुळीत कड त्वचेवर टेकते. स्तनाग्रावर ठेवून दट्ट्या हळूच ओढायचा, अर्धा-एक मिनिट धरायचा, सोडायचा, आणि लगेच बाळाला घ्यायचं. ओढ आईने स्वतःच्या हाताने द्यायची, दुखेल इतकी नाही.

चीक किती आणि हाताने काढायचा कसा

पहिल्या २४ तासांत बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिली चीक पितं. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०, चौथ्या दिवशी ३० ते ६० मिली. पहिल्या दिवशीचं एक पाजणं म्हणजे कधी कधी अर्धा चमचाच. हे आकडे डोक्यात पक्के असले की 'छातीत काहीच नाही, बाळ उपाशी आहे' हे वाक्य कानावर आल्यावर धीर सुटत नाही. चीक घट्ट, पिवळसर असतो, त्यात संसर्गाशी लढणारी प्रतिद्रव्यं भरपूर असतात, आणि त्याने बाळाची पहिली काळी शी लवकर बाहेर पडते.

हाताने दूध काढता येणं ही मला या साऱ्या तयारीतली सर्वांत कामाची गोष्ट वाटते. बाळ झोपाळू असेल, स्तन दगडासारखा झाला असेल, बाळाला काही तास वेगळं ठेवलं असेल, कुठेही ती उपयोगी पडते आणि तिला कुठलंही उपकरण लागत नाही. उलट चीक इतका कमी आणि चिकट असतो की पहिल्या दिवशी पंपात तो भिंतीलाच लागून राहतो. हाताने मात्र चमच्यात येतो.

हात धुवा. स्तन दोन मिनिटं हलक्या हाताने चोळा, गरम ओला रुमाल ठेवला तरी चालेल. मग अंगठा वर आणि बोटं खाली, इंग्रजी सी अक्षरासारखी, स्तनाग्राच्या मुळापासून २ ते ३ सेंटिमीटर मागे ठेवा. आधी हात सरळ छातीच्या दिशेने मागे दाबा. मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणून दाबा. सोडा. पुन्हा मागे, दाब, सोड. बोटं त्वचेवरून स्तनाग्राकडे घसरू देऊ नका, त्याने फक्त कातडी सोलते. पहिली एक-दोन मिनिटं काहीच येत नाही आणि नेमकं तेव्हाच हात थांबतो. थांबू नका. आधी स्तनाग्रावर चमकणारा एक थेंब दिसतो, मग तो जाड होऊन ओघळतो. धार मंदावली की बोटं थोडी फिरवून दुसऱ्या जागी ठेवा, म्हणजे सगळ्या बाजू मोकळ्या होतात. मग दुसरा स्तन, आणि परत पहिला. दुखत असेल तर एक तर दाब जास्त आहे किंवा बोटं स्तनाग्राच्या फार जवळ आहेत.

बाळंतपणाआधी याचा सराव करायचा असेल तर ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच करा. मधुमेह असलेल्या, बाकी धोका नसलेल्या गरोदर बायकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात (२०१७) ३६ आठवड्यांपासून दिवसातून दोनदा, १० मिनिटांपर्यंत चीक काढणं सुरक्षित आढळलं. अशा आयांच्या बाळांची साखर जन्मानंतर उतरू शकते, आणि तेव्हा साठवलेला चीक हाताशी असतो. तो १ किंवा २ मिलीच्या सिरिंजमध्ये भरून, तारीख-वेळ लिहून फ्रीझरमध्ये ठेवतात. वार गर्भाशयाच्या तोंडाशी, खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असेल, आधी वेळेआधी बाळंतपण झालेलं असेल, जुळं असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर हे करायचं नाही. आणि प्रयत्न करूनही काही आलं नाही तर त्यातून कसलाही निष्कर्ष काढू नका.

पहिला तास

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की जन्मानंतर एका तासाच्या आत बाळाला स्तनाशी घ्यावं, सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं आणि नंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ पाजत राहावं. पहिल्या तासात बाळ टक्क जागं असतं, मग बहुधा लांब झोप काढतं. म्हणून बाळ ठीक असेल तर पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवावं, वरून पांघरूण घालावं, आणि वजन-आंघोळ मागे ठेवावी. आंघोळीची घाई तर कशालाच नसते. बाळ छातीवर असताना त्याचं नाक-तोंड मोकळं आहे, मान दुमडलेली नाही आणि रंग गुलाबी आहे, याकडे एका माणसाने लक्ष ठेवायचं. आई थकून झोपी जाऊ शकते.

सिझेरियन पाठीत इंजेक्शन देऊन झालं असेल तर हे तिथेही करता येतं. बाळंतपणाआधीच डॉक्टरांशी बोलून ते कागदावर लिहून ठेवा. बाळाला वेगळं ठेवावं लागलं, तर पहिल्या तासात, निदान सहा तासांच्या आत हाताने चीक काढायला सुरुवात करा आणि २४ तासांत किमान आठ वेळा काढा, त्यातला एक फेरा रात्रीचा, कारण प्रोलॅक्टिन रात्री चढं असतं. अशा वेळी दूध आल्यावर चांगला इलेक्ट्रिक पंप खरोखर लागतो.

बाळाला स्तनावर घेणं

इथे घाई करू नका, सगळं यावर अवलंबून आहे.

आधी तुम्ही टेकून बसा. पाठीला आधार, खांदे सैल. पुढे वाकून स्तन बाळाच्या तोंडात घालायचा नाही, बाळाला स्तनाकडे आणायचं. त्याचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं हवं आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत. मान वळवून पिता येत नाही. आपण खांद्यावर मान वळवून पाणी प्यायला गेलो तरी कळेल. नवख्या आईला सर्वांत सोपं पडतं ते असं: उजव्या स्तनावर घ्यायचं असेल तर डाव्या हाताने बाळाला धरायचं. तळवा त्याच्या पाठीवर खांद्यांच्या मधे, अंगठा आणि बोटं कानांच्या मागे मानेशी. डोक्याच्या मागच्या बाजूवर हात दाबायचा नाही. डोकं मागून ढकललं की बाळ उलट मागे रेटतं, आणि मग 'याला पाजलेलं आवडत नाही' असा समज होतो.

आता बाळाचं नाक तुमच्या स्तनाग्रासमोर आणा. तोंड नाही, नाक. स्तनाग्राने वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करा आणि थांबा. बाळ तोंड थोडं उघडेल, मिटेल, जीभ काढेल. अजून थांबा. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेल आणि मान थोडी मागे जाईल, त्या क्षणी खांद्याला आधार देणाऱ्या हाताने त्याला पटकन जवळ घ्या, म्हणजे हनुवटी आधी स्तनात रुतेल, खालचा ओठ स्तनाग्रापासून बराच लांब टेकेल आणि स्तनाग्र टाळूच्या दिशेने वर जाईल. हा क्षण सेकंदभराचाच असतो. अर्धवट उघड्या तोंडात स्तनाग्र सारलं तर ते पुढच्या कडक टाळूवर घासत राहतं, आणि जखमा तिथेच होतात.

नीट धरलं असेल तर असं दिसतं: हनुवटी स्तनाला टेकलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर, आणि काळसर भाग वरच्या ओठाच्या वर जास्त, खाली कमी दिसतो. गालांत खळ्या पडत असतील, चटचट आवाज येत असेल, किंवा सोडल्यावर स्तनाग्र चपटं, एका बाजूला टोकदार झालेलं असेल, तर पकड उथळ आहे. पहिल्या आठवड्यात सुरुवातीचं अर्धा-एक मिनिट टोचल्यासारखं वाटू शकतं. पूर्ण वेळ दुखत असेल तर सोसू नका. बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी हिरड्यांच्या मधे घाला, पकड सुटू द्या, आणि पुन्हा घ्या. चार वेळा घ्यावं लागलं तरी चालेल. वारंवार नीट करूनही दुखतंय आणि बाळाची जीभ खालच्या ओठापलीकडे येत नाही असं दिसलं, तर जिभेखालचा पडदा आखूड आहे का हे तपासून घ्या.

सिझेरियननंतर कुशीवर झोपून पाजणं, किंवा बाळ काखेखाली धरून त्याचे पाय तुमच्या पाठीकडे ठेवणं बरं पडतं, टाक्यांवर भार येत नाही. मागे रेलून बाळाला पालथं छातीवर घेण्याची पद्धतही चांगली, विशेषतः जिचं दूध जोरात येतं तिला. एक मात्र कटाक्षाने पाळा: डुलकी येत असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नका. बाळ उशीत किंवा फटीत अडकून गुदमरू शकतं.

गिळणं ओळखायला शिका

सुरुवातीला बाळ भराभर, उथळ चोखतं. पान्हा फुटला की लय बदलते: हनुवटी खोल खाली जाते, क्षणभर थबकते, आणि मग वर येते. त्या थबकण्यात बाळाच्या तोंडात दूध भरत असतं. पाठोपाठ श्वास सुटल्यासारखा 'कः' असा हलका आवाज येतो. एक किंवा दोन चोखण्यांमागे एक गिळणं, अशी लय काही मिनिटं चालली तर दूध पोटात जातंय. चीक असेपर्यंत गिळणं विरळ असतं, छाती भरल्यावर ते स्पष्ट ऐकू येतं. नुसतं फुरफुर चोखणं आणि डोळे मिटलेले, हे अर्धा तास चाललं तरी ते पाजणं धरू नका. अशा वेळी स्तन हाताने हलकेच दाबून धरा, दूध पुढे आलं की बाळ पुन्हा गिळू लागतं. तरी थांबलं तर बाजू बदला.

घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं पाजू नका. पहिल्या बाजूवर गिळणं थांबेपर्यंत, मग दुसरी बाजू द्यायची. घेतली तर घेतली. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं होतं, तेही समान अंतराने नाही. मान वळवणं, जीभ बाहेर काढणं, हात तोंडात घालणं ही भुकेची खूण. रडणं ही उशिराची खूण, आणि रडणारं बाळ नीट पकडत नाही. आधी छातीशी घेऊन शांत करा. जन्माचं वजन भरून येईपर्यंत तीन तासांहून जास्त झोपू देऊ नका. हे अंतर एका पाजण्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत मोजायचं. उठवायला कपडे काढा, उघड्या छातीवर घ्या, तळपाय चोळा.

दुसऱ्या रात्री बरीच बाळं दर तासाला, कधी सलग छातीवर राहतात. दूध कमी पडल्याची ती खूण नाही. जितकं चोखलं जातं तितकी पुढच्या दुधाची मागणी नोंदली जाते. पुढेही संध्याकाळी असे लागोपाठ पिण्याचे तास येतात. याच रात्री बहुधा पहिली बाटली दिली जाते. बाटलीने बाळ चार तास झोपतं, त्या चार तासांत स्तन रिकामा होत नाही, आणि भरलेल्या स्तनात दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. म्हणजे दूध कमी आहे असं समजून दिलेल्या बाटलीने खरंच दूध कमी होत जातं.

पुरतंय की नाही, हे शी-शूवरून कळतं

पहिल्या दिवशी निदान एक वेळा लघवी, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त, फिकट आणि भरपूर. शी पहिले दोन दिवस काळी डांबरासारखी, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, दाणेदार, दिवसाला तीन-चार वेळा तरी. लंगोटावर पहिल्या दोन-तीन दिवसांत विटकरी डाग दिसला तर चालतो, चौथ्या दिवसानंतर तो दूध कमी जात असल्याचा इशारा आहे. पाचव्या दिवशीही शी काळी किंवा हिरवटच असेल तर त्याच दिवशी वजन करून घ्या. हा तक्ता एका कागदावर लिहून पलंगाजवळ लावा, आणि रोज खुणा करायचं काम बाबावर सोपवा.

वजन आधी उतरतं. ३ किलोच्या बाळाचं २०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ७ टक्क्यांपर्यंत उतरणं अपेक्षित आहे. त्यापुढे गेलं तर पाजताना कोणीतरी जाणकाराने शेजारी बसून बघायला हवं, आणि १० टक्क्यांच्या घरात गेलं तर बाळाची तपासणी हवी. प्रसूतीत आईला भरपूर सलाइन दिलेलं असेल तर जन्माचं वजन थोडं फुगलेलं असतं, हेही लक्षात घ्यावं. १० ते १४ दिवसांत जन्माचं वजन भरून यावं आणि पुढे पहिले तीन महिने रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढावं. बाळ रडतं, स्तन मऊ वाटतो, पंपाने थोडंच निघतं, या कशावरूनही दूध पुरत नाही असं ठरवता येत नाही.

कधी कधी खरंच वरचं दूध द्यावं लागतं: साखर उतरली, वजन फार घटलं, शरीरात पाणी कमी झालं. तेव्हा ते औषधासारखं, मोजून द्या. आधी स्तन, मग हाताने काढलेलं स्वतःचं दूध, ते पुरलं नाही तर दुसरं, तेही वाटी-चमच्याने, आणि प्रत्येक वेळी स्तन हाताने किंवा पंपाने रिकामा करून. असं केलं तर परत फक्त स्तनपानावर येता येतं. मध, साखरपाणी किंवा साधं पाणीही सहा महिने नको. मधाने तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम हा जिवाणूंच्या विषाने होणारा गंभीर आजार होऊ शकतो.

छाती दगडासारखी झाली तर

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध, रक्त आणि सूज एकदम येते. स्तन चकाकतो, काळसर भाग ताणून सपाट होतो आणि कालपर्यंत नीट पिणारं बाळ अचानक घसरायला लागतं. अशा वेळी पाजण्याआधी दोन्ही हातांची बोटं स्तनाग्राच्या मुळाशी ठेवून सरळ छातीकडे एक मिनिट हळू दाबून धरा, मग बोटं फिरवून पुन्हा. सूज मागे सरते आणि तो भाग मऊ होतो. पाजून झाल्यावर थंड पट्ट्या. पूर्ण रिकामा करायचा म्हणून पंप लावत बसू नका, त्याने मागणी वाढून पुन्हा तेच होतं. आराम पडेल इतकंच काढा. गाठ आली तर जोरजोरात चोळायची नाही. आतल्या ऊती दुखावतात आणि सूज वाढते. थंड शेक, आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल (दोन्ही पाजताना चालतात), आणि नेहमीसारखं पाजणं. ताप आणि लाल, दुखरा भाग २४ तासांत उतरला नाही तर डॉक्टर. अँटिबायोटिक लागू शकतं, पाजणं थांबवावं लागत नाही.

वस्तू, औषधं, खाणं

दोन पाजायच्या ब्रा, तारेशिवायच्या, नवव्या महिन्यात घ्या आणि हुकाजवळ बोट जाईल इतक्या सैल. बाकी माप दूध उतरल्यावरच कळतं. सुती पॅड, एक घट्ट उशी, स्टीलची वाटी-चमचा. मलम घ्यायलाच हवं असं नाही, पाजून झाल्यावर दुधाचाच थेंब लावून वाळू द्या. पुढे कामावर जायचं असेल तर पंपाचा विचार चौथ्या-पाचव्या आठवड्यात करा, आणि फनेलमध्ये स्तनाग्र न घासता मोकळं हलतंय ना ते बघून माप निवडा. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस, फ्रीझरमध्ये ६ महिने चांगलं राहतं.

पाजणाऱ्या आईला रोज साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात, पाणी तहानेप्रमाणे. कुठलाही पदार्थ वारंवार पाजण्याची जागा घेत नाही. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन दूध कमी करू शकतं, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही. लिहून देणाऱ्याला पाजत असल्याचं सांगा. बाळाला पहिल्या काही दिवसांपासून रोज ४०० आययू ड जीवनसत्त्वाचे थेंब देण्याबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा, आईच्या दुधात ते पुरेसं नसतं.

बाळंतपणाआधी ठरवून ठेवायचं

रुग्णालयात हे विचारा: बाळ आईजवळच ठेवतात का, रात्री पाजायला मदत करणारं कोणी असतं का, आम्हाला न विचारता वरचं दूध देतात का. घरी गेल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वजन कुठे करायचं आणि पाजताना बघून दुरुस्त करणारी व्यक्ती कोण, तिचा फोन नंबर आजच लिहून ठेवा. घरच्यांची कामं आधीच वाटून द्या: आईला पाणी-जेवण, बाळाची दुपटी, पाहुण्यांना थोपवणं. बाळाला 'थोडा वेळ द्या, आम्ही बाटली पाजतो' ही मदत पहिल्या महिन्यात नको.

आणि या गोष्टींसाठी सकाळची वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं: पहिल्या २४ तासांतच दिसलेली कावीळ किंवा पायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, उठवूनही न पिणारं मलूल बाळ, पहिले तीन दिवस सरल्यावर आठ तासांत एकदाही लघवी नाही, हिरवी उलटी, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, किंवा अंग गार पडणं.